माहीमचा नाताळ परका कसा?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मराठी घरांत आणि मराठी मोबाइलांवर तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. शाळेने पोरांना लाल टोप्या का घालायला लावल्या, आपले सण कमी पडले का, असे एक बाजू विचारते. दुसरी म्हणते, पोरांची हौस आहे, केक खा आणि गप्प बसा. एका गोष्टीवर मात्र दोघांचेही एकमत असते : नाताळ हा बाहेरून, अलीकडे, सिनेमाच्या आणि मॉलच्या वाटेने आलेला सण आहे. हे गृहीतक पुण्यात किंवा नागपुरात कदाचित खपून जाईल. मुंबईतल्या माहीममध्ये ते टिकत नाही.

माहीममध्ये नाताळ आला त्याची तारीख जवळजवळ बोट ठेवून सांगता येते. हुमायूनच्या धाकाने त्रस्त झालेला गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात 23 डिसेंबर 1534 रोजी वसईचा तह झाला आणि वसईबरोबर मुंबईची बेटेही पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. तहानंतर दोनच दिवसांनी नाताळ होता. त्या वेळी आजच्या फोर्टात नारळीच्या बागांपलीकडे फारसे काही नव्हते. या बेटांवरचे खरे गाव माहीमच. सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांना जाऊन तोवर शंभर वर्षे उलटली होती (त्यांचे निधन 1431चे), खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेतली जात होती, आणि उत्तर कोकणातल्या बिंब राजाची राजधानी हीच की पालघरकडचे केळवे-माहीम, हा वाद घालायला महिकावतीची बखर अजून लिहून पुरी व्हायची होती. परंपरा सांगते की तहाच्याच वर्षी फ्रान्सिस्कन संन्यासी अंतोनिओ दो पोर्तो यांनी येथे सेंट मायकल चर्चची स्थापना केली. आज माहीम कॉजवेच्या तोंडाशी दिसणारी इमारत 1973ची आहे. जागा मात्र तीच, आणि मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चांत तिची गणना होते.

आता इथे कोणी विचारील की, हे सगळे सुखासुखी झाले का? नाही झाले. पोर्तुगीज अमलात या पट्ट्यातली देवळे पाडली गेली, मूर्ती लपवाव्या लागल्या. प्रभादेवीची मूर्ती विहिरीत दडवून ठेवली होती आणि पोर्तुगीज गेल्यानंतर अठराव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा बाहेर आली, ही कथा त्या देवळाशी आजही जोडलेली आहे. धर्मांतरामागे श्रद्धा होती तशी जमिनीची आणि नोकरीची लालूचही होती, आणि जबरदस्तीही. हे झाकून नाताळाचे गोडवे गाणे खोटेपणाचे होईल.

पण त्यानंतरचा इतिहासही तितकाच सांगितला पाहिजे. बाप्तिस्मा घेतलेले लोक कोळी, भंडारी, कुणबी होते आणि बाप्तिस्म्यानंतरही मासे मारत, माड चढत, भात लावत राहिले. बायका लुगडे नेसत राहिल्या. लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी, जात्यावरच्या ओव्या, हळद हे सारे चालू राहिले. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 साली फर्मान काढून बाटलेल्यांना लग्नातली पारंपरिक गाणी, विड्याची पाने, एवढेच काय, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेसुद्धा मना केले. ते फर्मान माहीमला लागू पडले नाही, कारण तोवर माहीम सत्तर वर्षे इंग्रजांकडे होते आणि इंग्रजांना इथल्या कॅथलिकांच्या भाताच्या पातेल्यात डोकावण्याची गरज वाटत नव्हती. मुंबईच्या ख्रिस्ती घरांत जुन्या चालीरीती ज्या घट्टपणे टिकल्या त्याचे एक कारण या राजकीय अपघातात आहे, असे आमचे मत आहे.

इंग्रजांचे नाव निघालेच आहे तर एक गंमत सांगून टाकू. नाताळ इंग्रजांनी आणला, असे सर्रास म्हटले जाते. पण सतराव्या शतकाच्या मध्याला खुद्द इंग्लंडात नाताळ बेकायदा होता. प्युरिटनांच्या पार्लमेंटने 1647 साली तो सण रद्द केला. बायबलात या तारखेचा पुरावा नाही, मग हा धिंगाणा कशासाठी, असा त्यांचा सवाल. लंडनमध्ये 25 डिसेंबरला दुकाने उघडी ठेवा म्हणून हुकूम निघत होते. अमेरिकेत बॉस्टनकडच्या वसाहतीने 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठोठावला, आणि तो कायदा 1681पर्यंत टिकला. त्याच काळात माहीमच्या देवळात (इथले जुने लोक चर्चला देऊळच म्हणत) मध्यरात्रीची मिसा होत होती. 1660 साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि इंग्लंडला नाताळ परत मिळाला. पुढच्याच वर्षी त्याच चार्ल्सच्या लग्नाच्या करारात ब्रागांझाच्या कॅथरिनबरोबर मुंबई आंदण म्हणून लिहून दिली गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला फेब्रुवारी 1665 उजाडले. हंफ्रे कुक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यानंतर माहीमही बळकावले. ते करारात येत नाही, म्हणून पोर्तुगीज बराच काळ ओरडत राहिले.

त्यातही पंचांगाचा घोळ होता. पोपने सुधारलेले ग्रेगोरियन पंचांग कॅथलिक जगाने 1582पासून स्वीकारले, इंग्रज मात्र 1752पर्यंत जुन्यालाच धरून बसले. म्हणजे हिशेब केला तर माहीमच्या कॅथलिकांचा नाताळ फोर्टातल्या साहेबाच्या नाताळाच्या आधी दहा, आणि 1700नंतर अकरा दिवस येऊन जात असणार. साहेबाने केक कापायला घेतला तेव्हा माहीमकरांचे नवे वर्ष लागून गेलेले असे. कोणी कोणाला सण शिकवला, हे यावरून वाचकांनीच ठरवावे.

सणाचा जो थाट आपण आज 'ख्रिसमस' म्हणून ओळखतो तो तर आणखी अलीकडचा. घरात सजवलेले झाड ही जर्मन रीत. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा जर्मन नवरा अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र 1848 साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि मग ती इंग्रजांची फॅशन झाली. पहिले छापील शुभेच्छापत्र 1843चे. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा त्याच वर्षीची. गुबगुबीत, पांढऱ्या दाढीचा, हसरा सांता तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन व्यंगचित्रांतून घडत गेला आणि 1931पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याला जगभर फिरवले. माहीमच्या नाताळाला तोवर चारशे वर्षे होत आली होती. मॉलमधला थर्माकोलचा बर्फ परका आहे असे कोणी म्हणाले तर आम्ही हुज्जत घालणार नाही. माहीमला बर्फाचे काय? पण त्या बर्फाखाली माहीमचा नाताळ गाडला जातो, हे आम्हाला मान्य नाही.

25 डिसेंबर या तारखेबद्दल दोन शब्द पुरेत. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही. रोममध्ये 25 डिसेंबरला जन्मोत्सव होत असल्याची सर्वांत जुनी नोंद 354च्या एका रोमन पंचांगात आहे आणि ती 336 सालच्या प्रथेकडे बोट दाखवते. कोणी म्हणतात, रोमन लोकांच्या 'अजिंक्य सूर्या'च्या सणावर हा सण बसवला. कोणी म्हणतात, 25 मार्चला गर्भधारणा मानली जाई, तीत नऊ महिने मिळवले. काहीही असो, रोमन पंचांगात 25 डिसेंबर हा सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस होता. आपली मकरसंक्रांतही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी त्याच वळणावर होती. पंचांगांची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरली म्हणून एक सण थोडा मागे, एक पुढे सरकला. थंडीत गूळ, तीळ, खोबरे, तळण खाण्याची दोन्हीकडची ओढ मात्र सरकलेली नाही.

आणि आता ताटाकडे वळू. वादाचा खरा निकाल तिथे लागतो.

माहीमच्या ख्रिस्ती घरातून नाताळात शेजाऱ्याकडे जे झाकलेले ताट येते त्यात काय असते? नेवऱ्या असतात. खोबरे, तीळ, खसखस, वेलची, बेदाणे भरून दुमडलेल्या, कातणीने कडा कापलेल्या. दिवाळीची करंजी ज्या साच्यातून निघते त्यातूनच. कुलकुल असतात. मैद्याच्या पिठात नारळाचे दूध घालून त्याच्या छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा खास राखून ठेवलेल्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायच्या, तळायच्या, साखरेत घोळवायच्या. गोवेकर त्यांच्या वळ्या पाहून त्यांना किडयो म्हणतात. नाव ऐकून घाबरू नये. हे काम एकटीचे नव्हेच. घरातल्या मुली, शेजारणी, आत्या, मावश्या जमिनीवर गोल करून बसतात, आणि कुलकुल वळता वळता गावातल्या सगळ्यांच्या सोयरिकी जुळवून मोडून होतात. शंकरपाळ्याला जो रिकामा वेळ आणि जितक्या गप्पा लागतात, तितक्याच कुलकुलला.

ताटात पेराद असते, म्हणजे पेरूची घट्ट, लालसर वडी. पोर्तुगालात ही वडी मार्मेलो नावाच्या फळाची करत. ते फळ इथे उगवेना. पेरू मात्र पोर्तुगीजच अमेरिकेतून घेऊन आले होते आणि तो परसात माजला होता. मग आई-आजींनी पेरू शिजवून, चाळणीतून बिया काढून, साखरेबरोबर हात भरून येईस्तोवर घोटला. मार्झिपानचेही तसेच. युरोपात ते बदामाचे. बदाम महाग, तर ब्राझीलहून आलेला आणि कोकणात स्थिरावलेला काजू हाताशी होता. काजू वाटून, गुलाबपाण्यात मळून, फुलापानांच्या रबरी साच्यात दाबला की मुंबईचे मार्झिपान तयार. रवा, खोबरे आणि अंड्यांचा जो केक थाळीत थापून, वर-खाली निखारे ठेवून भाजतात तो ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती, घरांचा 'थाळी स्वीट'. त्याला भट्टी लागत नाही, ओव्हन लागत नाही. चुलीवर वाढलेल्या बाईने शोधलेली युक्ती आहे ती. गोव्याहून आलेल्या कुटुंबांनी यात दोदोल आणि बेबिंका घातली. काळ्या गुळाचा, तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधात तासन् तास ढवळलेला दोदोल मलाया-इंडोनेशियाकडेही याच नावाने मिळतो. पोर्तुगिजांनी 1511मध्ये मलाक्का घेतले होते, तेव्हा वाट कुठून कुठे गेली असेल याचा अंदाज बांधता येतो. मंगळूरकडच्यांची गुलाबफुले आली. गोवा-मंगळूरकडे या साऱ्या फराळाला कुसवार म्हणतात.

तिखटाची बाजू तर आणखी बोलकी. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, मिरच्या उन्हात वाळवून, धणे, हळद, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर अशी वीस-पंचवीस द्रव्ये वेगवेगळी भाजून, कांडून बियरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरायची : हा बाटली मसाला. नाताळाची बदकाची मोयली याच मसाल्यावर चालते. डुकराच्या मांसाचे सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवायचे, रोज गरम करायचे, सिरक्याने ते मुरत जाते. आणि त्याबरोबर फुगे. मैदा, अंडी, नारळाचे दूध यांचे सैल पीठ ताडीने आंबवायचे आणि मुठीतून अंगठ्याजवळच्या फटीतून एकेक गोळा उकळत्या तेलात सोडायचा. गोल, हलका, आत जाळीदार.

ताडीचा उल्लेख सहज आला, पण थांबून पाहण्यासारखा आहे. नाताळाच्या या स्वयंपाकात फुग्याला फुगवणारी आणि सोरपोतेल टिकवणारी शक्ती एकच : माडाचा रस. ताजा असताना तो पीठ आंबवतो, आंबून गेला की सिरका होतो. माहीम हे माडांचे रान होते, आणि माड चढणारे भंडारी हे या बेटाचे जुने रहिवासी. त्यांतले काही हिंदू राहिले, काही ख्रिस्ती झाले. माडावर चढायची पद्धत दोघांची एकच. पोर्तुगालात पावाला लागणारे खमीर इथे नव्हते, ते या माडाने दिले. पुढे 1878च्या अबकारी कायद्याने ताडीवर कर चढले, 1949च्या दारूबंदी कायद्याने ती जवळजवळ औषधासारखी दुर्मीळ केली, आणि मग माडांच्या वाड्यांवर इमारती आल्या. आज फुगे बाजारच्या यीस्टने फुगतात. चवीला फरक पडतो, असे जुने लोक सांगतात आणि ते खरे असावे.

या ताटाला परके म्हणणाऱ्यांनी आषाढी एकादशीचे आपले ताट एकदा पाहावे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा पेरू देशाकडच्या डोंगरांतला, मिरचीही तिकडचीच. चारही वस्तू इकडे येण्याच्या वाटेवर पोर्तुगीज जहाजे कुठे ना कुठे आहेतच. विठ्ठलाला ती खिचडी चालते. इथला माहीमचा प्रसिद्ध हलवाही गुजरातेतून आलेल्या जोशी कुटुंबाने लोकप्रिय केला, आणि मुंबईकर तो 'माहीमचा' म्हणून गावोगाव नेतात. मग नारळाच्या दुधातले, मराठी बोलणाऱ्या बाईने वळलेले कुलकुल एवढेच परके का?

केकचा इतिहास मात्र वेगळा, आणि तो खरोखर इंग्रजी आहे. सुक्या मेव्याचा काळपट केक साहेबाबरोबर आला. केरळात थलसेरीच्या माम्बळ्ळी बापू यांनी 1883 साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी भारतातला पहिला ख्रिसमस केक केला असे सांगतात. मुंबईत साहेब लोकांना नाताळात फळांच्या, मिठाईच्या डाल्या पाठवायची कंत्राटदारांची रीत होती. आज कंपन्या दिवाळीत आणि डिसेंबरात चकचकीत टोपल्या पाठवतात, ती त्याच डालीची नात. पण केकलाही मुंबईने आपल्या रीतीने घरात घेतले. मध्यमवर्गीय घरात ओव्हन नसे. तेव्हा माहीम, गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या ख्रिस्ती घरांतून पिठाचे डबे गल्लीतल्या बेकरीत जात. पावाची भट्टी निवली की त्यात केक लागत. डब्यावर कोणाचे नाव आहे हे पाहत पोरे रात्री जागत. बेकरी इराण्याची असे किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या मुसलमान भटियाऱ्याची. म्हणजे येशूच्या वाढदिवसाचा केक भाजून द्यायचे काम गेली कित्येक दशके ही मंडळी करत आली, आणि त्याबद्दल कोणी भाषण केले नाही.

माहीममध्ये डिसेंबर असाच जातो. बुधवारी सेंट मायकलच्या नोव्हेना प्रार्थनेला रांगा लागतात. 1948 साली सुरू झालेली ही नोव्हेना मराठीसह अनेक भाषांत होते आणि तिथे मेणाचे हात-पाय, मेणाची घरे वाहणाऱ्यांत हिंदू किती हे मोजायला गेलात तर दमाल. गुरुवारी घरोघरी मार्गशीर्षातली लक्ष्मी मांडलेली असते. मखदूम बाबांच्या दर्ग्याचा मेळा बहुधा याच दिवसांत भरतो आणि तिथे पहिला मान मुंबई पोलिसांचा. गव्हाणीच्या देखाव्यासाठी ख्रिस्ती घरांत नाचणी पेरतात. दहा-बारा दिवसांत हिरवे लुसलुशीत गवत उभे राहते आणि त्यात मेंढ्या, गुराखी, बाळ ठेवतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 साली संत फ्रान्सिसने खरा गोठा उभा करून हा देखावा सुरू केला. त्याला नाचणी मिळाली असती तर त्यानेही पेरली असती. आपण घटस्थापनेला धान्य पेरतो ते आठवावे. दाराशी टांगायच्या चांदणीला बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद लागतो, तो दिवाळीच्या आकाशकंदिलालाही लागतो, आणि आकाशकंदिलासाठी अख्खी मुंबई माहीमच्या कंदील गल्लीतच येते. नाताळ संपला की पोरे जुन्या कपड्यांत पेंढा भरून 'म्हातारा' करतात, रस्त्यावर चार पैसे गोळा करतात आणि 31च्या रात्री त्याला पेटवून देतात. होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

एवढे सगळे इथले असताना ते परके का वाटू लागले? दोष एका बाजूचा नाही. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि असोसिएशन काढली. कारण व्यवहारी होते. गोव्याचे ख्रिस्ती पोर्तुगीज प्रजा, आम्ही ब्रिटिश प्रजा, तेव्हा सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत आमचा हक्क पहिला, हे ठसवायचे होते. नोकऱ्या मिळाल्या. पण मराठी बोलणाऱ्या माणसांनी एका इंग्रजी कंपनीचे नाव कपाळावर लावून घेतले आणि पुढच्या पिढ्या इंग्रजी शाळांत गेल्या. आजीच्या तोंडची बोली नातवाला समजेनाशी झाली. हा समाज इथलाच होता याची साक्ष त्याच्या भांडणांतही सापडते : गोव्याचे पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालची चर्चसत्ता) आणि रोमची सत्ता यांच्यात चर्च कोणाचे यावरून जो तंटा चालला, त्यात 1853 साली बिशप हार्टमन यांना याच सेंट मायकलमध्ये कित्येक दिवस वेढा पडला. गावकी, मान, चर्चच्या किल्ल्या! ज्याने आपल्या गावातल्या देवस्थानाचे खटले पाहिले आहेत त्याला ही भांडणाची जात ओळखीची वाटेल.

दुसऱ्या बाजूने बाकीच्या मराठी समाजाने यांना 'किरिस्ताव' म्हणून दूर ठेवले. मराठीत ख्रिस्तजन्म पहिल्यांदा ओवीत सांगितला तो फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, 1616च्या 'क्रिस्तपुराणा'त. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि भाषा अशी की ज्ञानेश्वर-एकनाथांचा वाचक तीत सहज रमावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगर भागात अभंगांच्या चालीवर ख्रिस्तभक्ती आणली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी धर्म काढून आक्षेप घेतला होता, हे विसरायला नको. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्यांना मराठीच्या मांडवात येताना ओळखपत्र दाखवावे लागते, यात लाज वाटली पाहिजे ती मांडव घालणाऱ्यांना.

धर्माच्या वादात खरा धोका मात्र नजरेआड होतो. माहीमचा नाताळ लाल टोपीमुळे किंवा टोपीच्या विरोधकांमुळे संपणार नाही. तो ज्या गोष्टींवर उभा आहे त्या संपत आल्या आहेत. माड गेले, ताडी गेली. गोल करून बसायला अंगण लागते; गावठाणांतली अंगणाची, ओटीची घरे पुनर्विकासात जात आहेत आणि गावठाण-कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रखडले आहे. उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2025च्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या बेकरी भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागते आहे. हवा शुद्ध हवी, यात दुमत नाही. पण पिढ्यान् पिढ्या चार पैशांच्या नफ्यावर पाव विकणाऱ्याला नवी भट्टी परवडणार कशी, याचे उत्तर आदेशातून मिळत नाही. पाव आणि केक दोन्ही मग पिशवीबंद कारखान्यातून येतील. कुलकुल तर आताच दुकानातून किलोने येऊ लागले आहेत, आणि त्यात कोणाचा दोष? नोकरी करणाऱ्या बाईने सकाळी सव्वासातची लोकल पकडायची की रात्रभर पेराद घोटायची?

तेव्हा मागणे साधे आहे. महापालिकेने गावठाणांच्या सीमा आखून टाकाव्यात आणि बेकऱ्यांना भट्टी बदलण्यासाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. जप्तीच्या नोटिशीपेक्षा ते स्वस्त पडेल. दिवाळी अंकांतून दरवर्षी चकलीचे भाजणी-पुराण छापणाऱ्या संपादकांनी डिसेंबरात थाळी स्वीट आणि बाटली मसाला या विषयांवर माहीम, वांद्रे, वसईच्या बायकांकडून लिहून घ्यावे, त्यांच्याच बोलीत. ते सांगू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठाच्या मराठी विभागांनी त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि वाचकहो, या नाताळात शेजारच्या घरातून झाकलेले ताट आले तर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ते रिकामे परत धाडू नका. संक्रांतीची वाट न पाहता दोन तिळाच्या वड्या त्यात ठेवा.